गालावरचं कुंकू

ढोकी, ३ एप्रिल

चि. दीपमाला,

आशीर्वाद घे. तीन वर्षांचे साठलेले आहेत, त्यातले काही आंबलेही असतील; वास घेऊन मग डोक्यावर ठेव.

आधी एक खुलासा. तुझ्या वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, की या जन्मी तुझ्याशी बोलणार नाही. तो शब्द शाबूत आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. शब्दही पाळायचा आणि मागच्या दारानं वाटही ठेवायची, हे मला संस्कृत शिकल्यामुळं जमतं. अण्णांनी तुला कॉमर्सला घातलं, म्हणून तू आपला सरळ फोन लावतेस. तो मी उचलणार नाही, हे आठव्या-नवव्या वेळेला तरी तुझ्या ध्यानात आलं असेल. म्हणून पत्र पाठवलंस, ते पोचलं.

पत्र कसलं, वीजबिलाची नोटीसच. छापील! खाली सही तेवढी हातानं, तीही कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखी. अगं, शाळेत फळ्यावरचा सुविचार तुझ्या अक्षरात लिहून घ्यायचे. विमा कंपनीत साहेब झालं की अक्षर मोडावं लागतं का? की तुम्ही आता फोनला बोलून दाखवता आणि तोच लिहून काढतो? तुझ्या फोननं मला 'ताई'च्या जागी 'तई' केलंय. त्याला सांग, वयाचा मान ठेव म्हणावं.

आता मुद्द्याचं. ताप आहे का, विचारतेस. तुझ्या दाजींनी चोरून फोन करून तुला कळवलंच आहे, तर आता लपवण्यात अर्थ नाही. आहे. दुखण्याचा भडका उठला की येतो, आठ-दहा दिवस राहतो, जातो. गेल्या दिवाळीपासून असंच चाललंय.

फायब्रोमायल्जियात ताप येत नसतो, असं तू लिहिलंस. मीही वाचलंय. 'तापल्यासारखं वाटू शकतं' असं लिहिलेलं असतं. हा 'वाटतं' शब्द गेली सात वर्षं माझा पदर धरून आहे. बाईंना दुखल्यासारखं वाटतं, बाईंना थकल्यासारखं वाटतं. थर्मामीटरला मात्र काही वाटत नसतं, दीपा. तो शंभराच्या वर जातो आणि गप्प बसतो.

आणि नाव बदलायचं म्हणशील, तर ते मी सोडणार नाही. किती हिंडून मिळालंय ते! एक्स-रे काढला, हे नाही. रक्त तपासलं, ते नाही. मणक्याचा फोटो, तेही नाही. ऋषींनी ब्रह्म शोधलं त्याच रीतीनं सोलापूरच्या डॉक्टरांनी माझं दुखणं शोधलं: नेति, नेति. सगळं वगळून जे उरलं त्याला फायब्रोमायल्जिया म्हणाले. आमचे हेडमास्तर म्हणाले, "बाई, हे तर बागेतल्या फुलझाडाचं नाव वाटतंय." वाटू दे. नाव मिळालं त्या दिवशी मी बसमध्ये रडले होते. तोवर घरात, शाळेत आणि तुझ्याकडंही माझ्या आजाराचं निदान एकच होतं: न ज्वरः, न रोगः, केवलं नाटकम्.

"सगळ्यांचंच दुखतं, ताई." तुझंच वाक्य. पुढंही काही बोलत होतीस, पण मी तोवर चप्पल शोधत होते.

बरं, परीक्षेचे पेपर पडलेत. उजवा हात आज बरा आहे, म्हणून एवढं लिहिलं.

शिवकांता


ढोकी, १६ एप्रिल

चि. दीपमाला,

तुझी दुसरी नोटीस मिळाली. 'उन्हात जाऊ नकोस' ही आज्ञा ती पोचायच्या आदल्या दिवशीच मी मोडून आले होते, तेव्हा दोष पोस्टाचा.

येरमाळ्याला देवीच्या यात्रेला गेले होते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चुना वेचायला. सासूबाईंचा नेम, तुला ठाऊक आहे. या वर्षी गुडघ्यांनी त्यांना वाकू दिलं नाही, म्हणून त्यांच्या वाट्याचा चुनाही मीच वेचला. तुला आठवतं का, लहानपणी आपण त्या रानात ओंजळी भरून पांढरे खडे वेचायचो? तू एक खडा जिभेवर ठेवलास आणि "देवीला असलं कसं गोड लागतं?" म्हणून भर गर्दीत भोकाड पसरलंस. तेच रान, तेच ऊन. फक्त आता खाली वाकलं की वर यायला देवीचं नाव घ्यावं लागतं. म्हणजे भक्ती वाढलीच म्हणायची.

सासूबाईंनी निघताना माझ्या कपाळभर मळवट भरला. हळद, कुंकू, वर पुन्हा हळद. घामानं सगळं गालांवर उतरलं. संध्याकाळी घरी येऊन तोंड धुतलं, तर कपाळ निघालं, गाल काही निघेनात. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाल. साबणानं धुतलं, डाळीच्या पिठानं धुतलं. लाल ते लालच. चुरचुरतंय.

सासूबाईंनी माझ्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि हातच जोडले.

"पुसू नगंस, शिवकांता. कुंकू लागलंय. सगळ्यांला न्हाय लागत ते. म्या चाळीस वर्सं जाते, माज्या गालाला येकदा तरी ऱ्हायलं का?"

"आत्याबाई, ॲलर्जी असेल. कुंकवात हल्ली रंग मिसळतात."

"व्हय व्हय, तुमच्या पुस्तकात समदं हाय. माज्या गालाला त्योच रंग लागतो की. मंग माजं का निगतंय?"

हा पूर्वपक्ष बिनतोड होता. शेजारणी बघून गेल्या. दोघींनी पाया पडायचा प्रयत्न केला; पायाला हात लावू नका म्हणाले, दुखतात. त्यावरून देवी अंगात असताना बाई नम्र होते असाही अर्थ निघाला.

ताप त्याच रात्री भरला, तो अजून आहे. एकशे एकच्या आसपास. सासूबाई म्हणतात, देवी उतरताना अंग तापतंच. तुझे दाजी काही म्हणत नाहीत. कारखान्याचा हंगाम संपत आलाय, घरी येतात ते मळीच्या वासासकट, आणि दारात उभे राहून माझ्याकडं बघत राहतात. बोलायचं सगळं ते तुलाच फोनवर बोलून टाकत असावेत.

दहा दिवसांत सोलापूरला जाऊन येते. तोवर आदेश बंद ठेव.

शिवकांता

ता.क. केस जरा गळतायत. कंगवा बदलून बघते.


ढोकी, २७ एप्रिल

दीपमाला,

जाऊन आले. आता तरी समाधान होईल.

संधिवाताच्या डॉक्टरीणबाई आहेत, नव्या आल्यात. पाच मिनिटांत तपासून झालं. ताप? नाही. सूज? नाही. अंगावर काही उठलंय? नाही. जुने कागद चाळले, "फायब्रोमायल्जिया आहेच, व्यायाम करा, झोप सांभाळा" म्हणाल्या. मी म्हणाले, "ताप येतो." त्यांनी यंत्र कपाळाला लावून मलाच दाखवलं. अठ्ठ्याण्णव. वर्गात "सर, यानं मला मारलं" म्हणून उभं राहावं आणि अंगावर वळ नसावा, तशी माझी गत. "ताप असेल तेव्हा या," म्हणाल्या. चांगल्या बोलल्या, पण त्यांच्याही ओठांच्या कडेला तो 'वाटतं' मला दिसला.

आता तू म्हणशील, ताप आणि लाली एका दिवसात गेली कुठं? जाणार कुठं, सुईखाली दबली. आदल्या दिवशी स्टँडजवळच्या कुलदीप डॉक्टरांकडून ताकदीची सुई टोचून घेतली. नेहमीच घेते. त्याशिवाय सोलापूरपर्यंतचा हेलपाटा मला झेपेल का? कमरेत एक सुई आणि पुडीतल्या तीन गोळ्या. दुसऱ्या दिवशी माणूस लग्नाला निघाल्यासारखा ताठ. काय असतं त्या सुईत, विचारलं तर म्हणतात, "ताकद असते, मॅडम." सगळा गाव घेतो. पेरणीच्या आधी घेतो, लग्नाच्या आधी घेतो आणि मोठ्या डॉक्टरकडं जायच्या आधी तर घेतोच.

बाकी मी नीट तयार होऊन गेले. इरकल नेसले, गालांना जरा पावडर लावली. सासूबाईंचं म्हणणंच आहे, "डॉक्टरम्होरं मेल्यावानी जाऊ न्हाय. त्येबी आशा सोडतंय."

तर असं. निकाल तुझ्या बाजूनं लागला. सगळ्यांचंच दुखतं.

शिवकांता


ढोकी, ६ मे

दीपा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्या फोननं एवढी उद्गारचिन्हं कुठून आणली? 'ताई तू आजार धुऊन पुसून झोपवून डॉक्टरकडे नेतेस आणि मग म्हणतेस त्यांना दिसला नाही' हे वाक्य मात्र त्यानं एका दमात बरोबर लिहिलंय. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. स्वतःला दाखवलं, तेवढं पुरे.

तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. शिक्षिका आहे, प्रश्न सोडवल्याशिवाय पेपर देता येत नाही.

तोंड येतं का? येतं. टाळ्याला. दुखत नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

केस? कंगवा बदलला. दोष कंगव्याचा नव्हता.

पायावर सूज? हा प्रश्न तुला सुचला कसा? जोडवी घट्ट झालीयेत. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो, आकसत नाही, असं आमच्या विज्ञानाच्या बाई सांगतात. म्हणजे दोष जोडव्यांचाही नाही. परवा साबण लावून सासूबाईंनी ती काढायला घेतली. निघेनात. शेवटी सोनाराकडं जाऊन कापून आणली. सवाष्णीचं जोडवं कापलं म्हणून सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. मी मात्र जेवले, मला अलीकडं अपशकुनापेक्षा पित्ताची भीती जास्त वाटते.

लघवीला फेस? पुढचा प्रश्न.

बरं, येतो.

आता तू जे विचारलं नाहीस ते सांगते. तू लिहितेस, ताप असतानाच जा, सुई न घेता, पावडर न लावता जा. जायला मी भीत नाही. रक्त काढायलाही भीत नाही. मला भीती कागद कोरा येण्याची आहे. आजवर प्रत्येक वेळी आलाय. पुन्हा आला, तर आहे ते नावही जाईल. 'सगळं नॉर्मल आहे' या तीन शब्दांनी माणूस केवढा खोटा ठरतो, हे तुला नाही कळायचं. मोठा आजार निघाला तर निदान लोक पाणी तरी आणून देतील.

हे वाईट आहे ना? आपल्याला काहीतरी निघावं अशी इच्छा करणं? देवीपुढं उभं राहून बोलता येत नाही असलं मागणं. म्हणून तुला लिहिलं.

आज कुलदीप डॉक्टरांचा माणूस दारावरून जाताना विचारून गेला, "मॅडम, या महिन्यात आला नाहीत?" अंगात शंभर ताप, हातात पेन धरवत नाही, आणि सुई गल्लीच्या टोकाला. अजून गेले नाही.

तू सोबत येशील का, असं विचारणार नव्हते. पण तुझ्या दाजींनी विचारलं, आणि तू त्यांना म्हणालीस म्हणे की सकाळची गाडी जमणार नाही. नागपूरहून निघणारी सकाळची गाडी तुला कधीच कशी गं जमत नाही? लहानपणी कोंबड्याच्या आधी उठून मला लाथा घालायचीस.

जाऊ दे. सासूबाई येतो म्हणतात. माझ्यापेक्षा त्यांनाच धरून चढवावं लागेल.

ताई


ढोकी, १५ मे

दीपा,

गेले. सुई न घेता गेले. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू धीरानं वाचशील.

सकाळी अंग फणफणलं होतं. स्टँडवर बस लागायला वेळ होता आणि समोर कुलदीप डॉक्टरांचा दवाखाना उघडत होता. मी नुसती तिकडं बघत बसले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, दवाखान्याकडं बघितलं.

"आगं, घे की येक. कशाला हाल करून घेतीस?"

"नको आत्याबाई. दीपानं सांगितलंय."

"दीपीनं? जिच्याशी तू बोलत न्हाईस, तिनं?"

"बोलत नाही. ऐकते."

त्यांनी तोंडाला पदर लावला. हसल्या असाव्यात. मग स्वतः उठून दवाखान्याकडं पाठ करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, बस येईपर्यंत. गुडघे दुखत असताना. मला दवाखाना दिसू नये म्हणून हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

बसमध्ये खिडकीचं ऊन माझ्या बाजूला. कंडक्टरशी भांडून त्यांनी आमची जागा बदलली. "सून आजारी हाय, तोंडाकडं बगा की तिच्या, देवीचं कुंकू बगा," असं त्या साऱ्या बसला सांगत होत्या. ताप आल्यापासून प्रथमच माझा ताप कुणीतरी जाहीर करत होतं. मला लाज वाटायला हवी होती, पण ग्लानी होती. तुळजापूरला बस थांबली तेव्हा त्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले आणि मग माझेही हात धरून जोडले. त्यांचे हात गार लागले. त्या म्हणाल्या, "तुजा हात तव्यावानी हाय," आणि त्यानंतर सोलापूरपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. सासूबाई गप्प बसल्या तेव्हा मी पहिल्यांदा खरी घाबरले.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि पेन खाली ठेवलं. साडी चुरगळलेली, केस कसेतरी बांधलेले, तोंड न धुतलेलं. मी मेल्यावानी गेले होते, दीपा. त्यांनी आशा सोडली नाही, खुर्ची पुढं ओढली.

"हे गालांवर कधीपासून आहे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "देवीचं कुंकू हाय ते. येरमाळ्याचं. मदी धाबारा दिस गेलं, पर पुन्ना आलं. पुसत न्हाय."

बाई हसल्या नाहीत. हे मला फार आवडलं. त्यांनी कापसाचा बोळा ओला केला, सासूबाईंना जवळ बोलावलं आणि माझ्या गालावरून फिरवून दाखवला. बोळा पांढराच.

"आजी, कुंकू असतं तर बोळ्याला लागलं असतं. आणि हे बघा, नाकाच्या कडेपासून ओठाकडं ही घडी येते ना, हसताना पडते ती? कुंकू घामानं वाहिलं तर आधी या घडीत साचेल. ही घडी तर कोरी आहे. लाल फक्त गाल आणि नाकाची दांडी."

सासूबाईंनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. मग माझ्याच हनुवटीला धरून पुन्हा उजेडाकडं फिरवलं. पहिल्यासारखंच. पण या वेळी हात जोडले नाहीत.

ताप एकशे दोन. रक्तदाब वाढलेला. लघवीत कागदाची पट्टी बुडवली, तिचा रंग बदलला. मग त्यांनी विचारलं, मागच्या वेळी हे सगळं कसं नव्हतं? मी सुईचं सांगितलं. त्यांनी माझे मागचे कागद पुन्हा उघडले.

"त्यात बहुतेक स्टेरॉइड असतं. काही दिवस ताप, लाली, सूज सगळं झाकतं. तुम्ही मागच्या वेळी पडदा टाकून माझ्याकडं आलात. आणि मीही पडदाच तपासला." मग म्हणाल्या, "फायब्रोमायल्जियात अंग तापल्यासारखं वाटतं, हे खरं. पण थर्मामीटर पुन्हा पुन्हा चढत असेल, तर दुसरं कारण शोधायलाच हवं. संसर्ग आहे का, की शरीराची राखण करणारी फौज शरीरावरच उलटलीय."

मी विचारलं, "म्हणजे फायब्रोमायल्जिया खोटा?"

"खोटा का असेल? एका घरात दोन भाडेकरू राहू शकतात."

रक्ताच्या सात-आठ नळ्या भरून दिल्या. निकाल आठवड्यानं. पर्समध्ये उरलेली कुलदीप डॉक्टरांची गोळ्यांची पुडी त्यांनी काढून घेतली, ती मूत्रपिंडाला घातक म्हणे.

परतीच्या बसमध्ये सासूबाई खिडकीकडं तोंड करून होत्या. मला वाटलं, देवीवरचा विश्वास मोडला म्हणून रुसल्यात. बऱ्याच वेळानं म्हणाल्या,

"मंग देवीनं काय खोटं दावलं व्हय? तिनंच दावलं की. तोंडावर लिवून दिलं. आपल्यालाच वाचाय आलं न्हाय."

संस्कृतात एम. ए. केलेल्या मी ते बसच्या तिकिटामागं लिहून घेतलं.

आता वाट बघणं. शाळेत मुलांना निकालाच्या आदल्या दिवशी कसं वाटतं, हे पंचवीस वर्षं शिकवूनही आत्ता कळतंय. कागद कोरा आला तर काय करू, ते सांग. मोठ्या अक्षरात सांग, फोनला ओरडून सांग.

ताई


ढोकी, २४ मे, सकाळी

दीपा,

कागद कोरा नाही.

ल्यूपस. लांडगा. लॅटिनही संस्कृतची लांबची बहीण, पण तिच्यात आजाराची नावंसुद्धा चावतात. शरीराच्या पहारेकऱ्यांनी मूत्रपिंडाला चोर समजून झोडपायला घेतलंय. सोमवारी सोलापूरला दाखल व्हायचं, मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासणार, मग औषधं ठरणार. वर्षानुवर्षं घ्यायची आहेत. फार उशीर झालेला नाही, असं बाई म्हणाल्या. आणखी दोन-चार महिने सुया घेत राहिला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं, असंही म्हणाल्या. ऊन कायमचं बंद. चुना आता तुझे दाजी वेचणार आहेत. सासूबाईंनी काल तसं जाहीर केलं आणि ते "बरं" म्हणाले. तेवढंच म्हणाले, पण रात्रभर माझ्या पायांवर हात ठेवून बसले होते.

मला आनंद झाला, दीपा. थोडा वेळच. नाटक नव्हतं, एवढाच. मग भीती आली ती नीट, पाट मांडून बसली आहे.

पण हे पत्र त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही.

काल बाई माहिती भरून घेत होत्या. आईवडील, त्यांचे आजार. मग विचारलं, "सख्खी बहीण आहे?" आहे म्हटलं, धाकटी, नागपूरला. "हे आजार एका रक्तात फिरतात. त्यांना कधी सांधे दुखणं, सकाळी बोटं आखडणं, असं काही?"

मी ऐटीत म्हणाले, "छे हो. ती ठणठणीत आहे. उलट मलाच म्हणायची..."

आणि थांबले. कारण तुझं वाक्य मला पहिल्यांदा पुरतं ऐकू आलं. तुझी वास्तुशांत, स्वयंपाकघराचं दार, मी पुऱ्या लाटता लाटता खाली बसलेली, आणि तू. "सगळ्यांचंच दुखतं, ताई." तेव्हाच मी चप्पल शोधायला वळले होते. मागून तुझा आवाज येत होता. "माझेही हात सकाळी उघडत नाहीत. मी कुणाला सांगते का?"

तू मला टोमणा मारत होतीस असं मी तीन वर्षं धरून चालले. तू सांगत होतीस गं. सगळ्या पाहुण्यांमध्ये एकट्या मलाच.

छापील पत्रं. कोंबडीची सही. सुविचाराचं अक्षर गेलं कुठं म्हणून मी तुझी थट्टा करत बसले. सकाळची गाडी जमत नाही, कारण सकाळी तुला पिशवीची चेनसुद्धा लावता येत नसेल. आणि पायाची सूज, तोंड येणं, लघवीचा फेस, हे प्रश्न तुला कसे सुचले? इतके नेमके? तू हे कुणासाठी वाचत होतीस, दीपा? नुसतं माझ्यासाठी?

बाईंनी सांगितलंय, बहिणीला तपासून घ्यायला सांगा. त्यात काहीच नसेलही. बोटं आखडायला शंभर कारणं असतात. नसेल तर मी पेढे वाटीन आणि पुढची तीन वर्षं तू माझ्यावर रुस. पण तपासणीला नटून जायचं नाही. गोळी घेऊन जायचं नाही. जशी सकाळी उठतेस तशी, मुठी मिटलेल्या घेऊन जायचं.

हे पत्र टाकायला आता उठले असते. पण पत्राला चार-पाच दिवस लागतात, आणि पोस्टाची चाल मी एकदा येरमाळ्याला बघितलीय. तेव्हा इथंच थांबते. या जन्मी बोलणार नाही म्हणाले होते. तो जन्म काल दुपारी सोलापुरात संपला, असं धरून चाल.

सकाळचे सात वाजतायत. फोन लावते आहे. तुझी बोटं उघडायला वेळ लागला तरी घाई करू नकोस. मी वाजवत राहते.

ताई